तुपातली तिळाची खूण

दिवाळीला पुतण्याची मुलगी पुण्याहून फैजपूरला आली होती. ती एका मोठ्या कंपनीत नोकरीला आहे. "तू नेमकं काय काम करतेस गं?" असं विचारलं तर म्हणाली, "आबा, मी कम्प्लायन्समध्ये आहे." शब्द ऐकला, पण काम कळलं नाही. मग तिने समजावून सांगितलं. कंपनीतले लोक कायदे आणि नियम पाळतात की नाही, कुणी लाच दिली-घेतली नाही ना, कुणी आपल्याच मेव्हण्याला कंत्राट दिलं नाही ना, हे बघणारा म्हणे एक स्वतंत्र विभाग असतो. वर्षातून एकदा सगळ्यांकडून आचारसंहितेवर सही घ्यायची, आणि संगणकावर वीस प्रश्नांची परीक्षाही घ्यायची.

"आणि लोक काय करतात माहितेय? एकजण सोडवतो, बाकीचे त्याचीच उत्तरं टाकतात!"

प्रामाणिकपणाच्या परीक्षेत कॉपी! उभा जन्म वर्गात पर्यवेक्षण करण्यात गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराने यावर हसावं की रडावं?

पुढे ती म्हणाली, "तुमच्या इतिहासात हे काही नसेल आबा. हे सगळं अमेरिकेतून आलंय." झालं, इतिहासाच्या मास्तराला एवढं पुरे होतं. तेव्हा तिला जे तोंडी सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहितो आहे. घरातल्या मंडळींनी सांभाळून घ्यावं, कारण शेवटी माझी स्वतःचीही एक गोष्ट येणार आहे आणि ती फारशी शोभेची नाही.

सुरुवात आपल्या खानदेशच्या कापसापासून करू.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत त्या चार-पाच वर्षांत पैशाचा जो पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच जो ओसरला, तो आपण पाठ्यपुस्तकात वाचलेला आहे. पण भाव वाढला की भेसळही वाढते. कापसात सरकी आणि कचरा राहू द्यायचा, वजन वाढावं म्हणून पाणी मारायचं, चांगल्या कापसात हलका कापूस दडपायचा, हे प्रकार सर्रास चालू झाले. गठ्ठा दाबून बांधला की आत काय आहे ते इंग्लंडात फोडेपर्यंत कुणाला दिसणार?

म्हणून मुंबई सरकारने १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा केला. त्यासाठी निरीक्षक नेमले, कापूस दाबायच्या प्रेसवर परवान्याचं बंधन आलं, गठ्ठ्यांवर खुणा आल्या आणि भेसळ करणाऱ्याला शिक्षा ठरली. नातीच्या भाषेत सांगायचं तर हाच तो कम्प्लायन्स विभाग, फक्त सरकारी. पुढे काय झालं? व्यापाऱ्यांचा या खात्याला विरोध वाढत गेला. त्यांचं म्हणणं असं, की घेणारा माल बघून भाव देतो, मधे तुमचा निरीक्षक कशाला? १८८०च्या सुमारास तो कायदा गुंडाळला गेला.

मी मुलांना हा भाग शिकवताना विचारत असे, "निरीक्षक गावात आला की भेसळ थांबेल का रे?" मागच्या बाकावरचा एखादा लगेच म्हणायचा, "सर, तो गेला की परत चालू!" मुलांना माणसाचा स्वभाव आपल्यापेक्षा चांगला कळतो. बाहेरून येणाऱ्या तपासनिसाची वेळ ठरलेली असते आणि चोवीस तासांतले बाकीचे तास लबाडाचे असतात.

आता कापसावरून तुपाकडे येतो. उडी मोठी वाटेल, पण तपासणीची एक वेगळीच युक्ती तिथे सापडते आणि ती आपल्या अमळनेरपर्यंत घेऊन जाते.

डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळणाऱ्या साहित्यातून टिळकनगर सजवलं होतं. खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शन गांधीजींनी उघडलं. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाच्या कार्यक्रमात हातसडीचा तांदूळ, गूळ आणि घाणीचं तेल होतं. आणि नेमकं पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, डालडा बाजारात आला. तेलात उष्णता, दाब आणि निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन वायू मुरवला की तेल गोठतं आणि तुपासारखं रवाळ दिसतं. भाव तुपापेक्षा कितीतरी कमी. गरिबाच्या घरी सणाला पुरी तळली जाऊ लागली ती यामुळेच, हेही खरं. आमच्या घरी कुठल्याही कंपनीचा डबा असो, नाव डालडाच.

पण या नव्या पदार्थाने लबाडांची सोय झाली. साजूक तुपात वनस्पती तूप मिसळलं तर डोळ्याला कळत नाही, आणि वास तर मूळच्या तुपाचा येतोच. गांधीजींचा वनस्पतीला विरोध होता. स्वातंत्र्यानंतर वनस्पतीवर बंदी घाला अशी मागणी संसदेपर्यंत गेली. दुसरी सूचना अशी, की वनस्पतीला रंग द्यावा, म्हणजे तुपात मिसळला की लगेच दिसेल. सूचना साधी वाटते. पण खायला निर्धोक, तळताना टिकणारा आणि लबाडाला धुऊन काढता न येणारा असा रंग काही सापडेना. रतनजोतीचा रंगसुद्धा विचारात घेतला गेला होता.

शेवटी जो उपाय टिकला तो आपल्या शेतातलाच होता. वनस्पती तुपात वजनाने किमान पाच टक्के तिळाचं तेल घातलंच पाहिजे, असा नियम कारखान्यांना लावला गेला. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंध कायद्याखालच्या नियमांतही तो होता. का, तर तिळाच्या तेलात एक घटक असा असतो, की त्याची हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युराल यांच्याशी गाठ पडली की किरमिजी रंग उमटतो. याला बॉडोइन चाचणी म्हणतात. म्हणजे वनस्पती बनवणाऱ्याने स्वतःच आपल्या मालात एक मुकी खूण ठेवायची. खाणाऱ्याला तिचा त्रास नाही, चव बदलत नाही. पण कुणी तो माल तूप म्हणून विकायला गेला की बाटलीत तीच खूण त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

मला ही कल्पना फार आवडते. निरीक्षक गावात असो नसो, साक्षीदार मालाच्या आतच बसलेला आहे.

आमच्या शाळेत विज्ञानाचे एक सर होते. फरफ्युराल नसेल तर चिमूटभर साखर आणि तीव्र आम्ल घेऊनही ही चाचणी होते. त्यांनी एकदा दहावीच्या वर्गात मुलांना घरून थोडं थोडं तूप आणायला सांगितलं. मीही कुतूहलाने मागे जाऊन उभा राहिलो. दहा-बारा परीक्षानळ्या, प्रत्येकीत वितळलेलं तूप. सरांनी स्वतः आम्ल घातलं, नळ्या हलवल्या आणि ठेवून दिल्या. चार नळ्यांच्या तळाशी गुलाबी-लाल थर दिसू लागला. ती चारही तुपं एकाच माणसाकडची निघाली. मोठा धार्मिक माणूस, गळ्यात माळ, एकादशी कधी चुकली नाही. अर्धं गाव त्याच्याकडून तूप घ्यायचं, आमचं घर धरून! सर त्याच्याशी बोलायला गेले तर तो शांतपणे म्हणाला, "सर, इतकी वर्षं लोक खाताहेत. कुणाची तक्रार नाही."

हे वाक्य मी विसरलो नाही. पुढे तेच वाक्य मला माझ्याच तोंडून ऐकायचं होतं. पण ते नंतर.

आता अमळनेर. फैजपूरहून भुसावळला जाऊन सुरतकडच्या गाडीत बसलं की जळगाव, धरणगाव आणि मग बोरीकाठचं अमळनेर. प्रतापशेठजींच्या गिरणीचं, साने गुरुजींच्या शाळेचं, तत्त्वज्ञान मंदिराचं गाव. भोवती भुईमुगाचा मुलूख. इथे १९४५च्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली. माल म्हणजे सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ नावाचा कपड्याचा साबण. म्हणजे तिळाच्या त्या पाच टक्क्यांचा नियम ज्यांना पाळावा लागला त्यांतलीच ही एक कंपनी. १९७७ मध्ये तिचं नाव विप्रो झालं, आणि १९८०च्या दशकात ती संगणकाच्या धंद्यात गेली. आज जगभर पसरलेल्या विप्रोचं मूळ आपल्या जिल्ह्यातल्या तुपाच्या डब्यात आहे, हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

१९६६च्या ऑगस्टमध्ये हाशम प्रेमजी अचानक वारले. मुलगा अझीम तेव्हा एकवीस वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता. शिक्षण सोडून परत आला. भागधारकांच्या सभेत एकाने उठून त्या पोराला तोंडावर सांगितलं, की हा कारभार तुला झेपणार नाही, तुझे शेअर विकून टाक आणि जाणत्या माणसाच्या हाती कंपनी दे. अझीम प्रेमजींनी ही आठवण पुढे स्वतः सांगितलेली आहे. पोराने कंपनी विकली नाही. ज्या अमळनेरकरांनी तेव्हाचे थोडेसे शेअर जपून ठेवले, त्यांच्या पुढच्या पिढ्या कोट्यधीश झाल्या, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

१९७०च्या दशकात या कंपनीने आपली तत्त्वं लिहून काढली, आणि त्यात सचोटी वरच्या जागी होती. तत्त्वं लिहिणं सोपं असतं, आमच्या शाळेच्या भिंतीवरही पुष्कळ लिहिलेली होती. पण या कंपनीबद्दल दोन गोष्टी वारंवार छापून आल्या आहेत. एक म्हणजे प्रवासखर्चाचं वाढीव बिल लावणाऱ्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला नोकरी सोडावी लागली. रक्कम किरकोळ होती आणि माणूस कामाचा होता, तरीही. दुसरी गोष्ट कर्नाटकातल्या तुमकूरच्या कारखान्याची. विजेची जोडणी मिळवायला लाच द्यावी लागणार होती. ती न देता कंपनीने जनरेटर लावून काम चालवलं आणि जास्तीचा खर्च सोसला.

इथपर्यंत गोष्ट ऐकून नात खूश झाली. म्हणाली, "आबा, हे आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगायला हवं." मी म्हटलं, थांब, गोष्ट संपलेली नाही. इतिहास शिकवताना आपण थोरांच्या चरित्राची शेवटची पानं वगळतो आणि तिथेच मुलांचं नुकसान करतो.

२००० सालच्या ऑक्टोबरात विप्रोचे शेअर अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बाजारात विक्रीला आले. अशा वेळी कंपनी काही शेअर आपल्या ओळखीच्या लोकांसाठी आणि ग्राहकांसाठी पहिल्या भावाने बाजूला ठेवते. तिकडच्या कायद्यात ते बसतं. त्या यादीतून जागतिक बँकेच्या दोन कर्मचाऱ्यांनाही शेअर घेता आले. सगळे मिळून सुमारे ७२ हजार डॉलरचे. जागतिक बँक ही विप्रोची ग्राहक. बँकेने नंतर चौकशी केली आणि आमच्या कर्मचाऱ्यांना अनुचित लाभ दिला असं ठरवून २००७ पासून चार वर्षं विप्रोला आपल्या कामांतून वगळलं. ही बातमी जगाला कळली जानेवारी २००९ मध्ये, बँकेने यादी जाहीर केली तेव्हा. कंपनीचं म्हणणं होतं, की शेअर पूर्ण भावाने दिले, योजना अमेरिकेतल्या नियामकाकडे नोंदवलेली होती आणि त्या कर्मचाऱ्यांनी हितसंबंध आड येत नाहीत असं लिहूनही दिलं होतं.

कायद्याच्या दृष्टीने कंपनीची बाजू असेलही. पण मी विचार करतो तो असा. तुमकूरच्या वीजजोडणीच्या वेळी 'हे घेणारा कोण आणि आपल्याला त्याच्याकडून काय हवंय' हा प्रश्न कुणीतरी विचारला. न्यूयॉर्कची यादी करताना तोच प्रश्न विचारायचा राहून गेला, कारण तिथे लाचेचं पाकीट नव्हतं. सगळं छापील फॉर्मवर, वकिलांच्या नजरेखालून गेलेलं होतं. कागद जितका स्वच्छ, तितकं आपलं मन निवांत होतं. पुढे २०१० मध्ये बाहेर आलं, की याच कंपनीच्या वित्त विभागातल्या एका कर्मचाऱ्याने सुमारे ४० लाख डॉलर हडपले होते. सचोटीची तत्त्वं त्याच्या ऑफिसातही लावलेली असणारच.

आणि २००९चा तोच जानेवारी महिना आठवा. ७ तारखेला हैदराबादच्या सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. त्याच्या काही महिने आधी, २००८ मध्ये, या कंपनीला उत्तम कारभाराबद्दल सुवर्ण मयूर पुरस्कार मिळाला होता! आतल्या लेखापालांपासून बाहेरच्या नामवंत लेखापरीक्षकांपर्यंत इतके सुशिक्षित लोक होते. बँकेत पैसे खरंच आहेत का, हे बँकेलाच नीट विचारून कोणी खात्री केली असती तर गोष्ट पुष्कळ आधी उघडी पडली असती. एप्रिल २०१५ मध्ये राजूंना सात वर्षांची शिक्षा झाली.

विप्रो आणि सत्यम यांना मी एका पारड्यात टाकत नाही, कृपया तसं वाचू नका. एकीकडे चुकलेला निर्णय, दुसरीकडे वर्षानुवर्षांची बनावट. पण दोन्हींतून मला एकच गोष्ट दिसते, आणि ती त्या परीक्षानळ्यांतही होती. तिळाचं तेल मालात असून भागत नाही. नळीत आम्ल घालून ती हलवणारा कुणीतरी लागतो. आमच्या गावात तो तूपवाला वर्षानुवर्षं धंदा करत होता, खूण त्याच्या डब्यात पहिल्या दिवसापासून होती. फक्त नळी कुणी हलवली नव्हती.

शिवाय खूण जे सांगायला ठेवलेली असते तेवढंच सांगते. १९८३ मध्ये वनस्पतीत गुरांची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं. तिळाची चाचणी तिथे निरुपयोगी, कारण ती चरबी शोधण्यासाठी बनलेलीच नव्हती. लबाडी वाट बदलते, तेव्हा प्रश्नही बदलावा लागतो.

आता माझी गोष्ट.

सहकाराच्या बाबतीत आपला महाराष्ट्र पुढे, आणि जळगाव जिल्ह्यात तर एके काळी गल्लोगल्ली पतसंस्था होत्या. मीही निवृत्तीच्या काही वर्षं आधी एका पतसंस्थेचा संचालक झालो. मास्तर म्हणून गावात मान, म्हणून यादीत माझं नाव. ठेवीदारांना विश्वास वाटावा यासाठी माझं नाव तिथे होतं, हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणणार नाही. कळलं होतं आणि बरंही वाटलं होतं.

महिन्याला सभा. चहा, शेव, आणि इतिवृत्ताचं पुस्तक. कर्जमंजुरीचे ठराव आधीच लिहिलेले असायचे. पुस्तक फिरत फिरत माझ्याकडे आलं की मी सही करायचो. लेखापरीक्षणात 'अ' वर्ग मिळाला की पेढे. संचालक झालो तेव्हा सरकारी नमुन्यातलं एक बंधपत्रही आम्ही सगळ्यांनी लिहून दिलं होतं. समितीच्या निर्णयाने संस्थेचं नुकसान झालं तर आम्ही सगळे वैयक्तिक आणि सामूहिक जबाबदार, असा त्याचा मजकूर. तो कागद मी सही केली तेव्हा वाचला नाही. नंतर वाचला.

एकदा हिशेबनीस पोरगा मला रस्त्यात भेटला. म्हणाला, "सर, जरा कर्जखाती बघा. तीच तीच आडनावं आहेत, आणि जुनं कर्ज नव्या कर्जाने फेडलेलं दाखवताहेत." मी त्याला काय म्हणालो माहीत आहे? "अरे, इतकी वर्षं संस्था चालली आहे. कुणाची तक्रार आहे का?" तूपवाल्याचंच वाक्य, जसंच्या तसं. तेव्हा आठवलंही नाही. त्या पोराने हातात नळी आणून दिली होती, मला फक्त हलवायची होती. काही महिन्यांनी तो नोकरी सोडून सुरतेला गेला.

दोन वर्षांनी ठेवी परत मिळेनाशा झाल्या. सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी आली, मग कलम ८८ खाली जबाबदारी ठरवणं आलं. माझ्या वाट्याला आलेली रक्कम मी माझ्या निवृत्तीच्या पैशातून भरली. ती भरण्याचं दुःख नाही. दुःख आमच्या शाळेच्या शिपायाचं आहे. मुलीच्या लग्नासाठी त्याने तिथे पैसे ठेवले, ते माझं नाव पाटीवर बघून. तो घरी आला, ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि जाताना एवढंच म्हणाला, "गुरुजी, तुम्ही होते ना तिथे?" पुढे त्याला हप्त्याहप्त्याने काही पैसे मिळाले, सगळे नाहीत. लग्न एक वर्ष पुढे गेलं.

बँक बुडाली तर ठेवीला विमा असतो. फेब्रुवारी २०२० पासून तो पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा लागू नाही. हे त्या शिपायाला माहीत नव्हतं. संचालक असून मलाही नव्हतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या आईवडिलांच्या ठेवी पतसंस्थेत असतील तर एवढं तरी त्यांना सांगा.

नातीला हे सगळं प्रथमच कळलं. घरात हा विषय आम्ही काढत नसू. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आबा, आता २०१३च्या कंपनी कायद्यात तक्रार करणाऱ्याला संरक्षण देणारी व्यवस्था ठेवायला सांगितलीय. आमच्याकडे त्यासाठी वेगळा फोन नंबर आहे."

"कुणी फोन करतं का?"

"फार नाही. आणि आले तरी कँटीनच्या जेवणाबद्दल जास्त!" मग जरा थांबून म्हणाली, "मागच्या महिन्यात एक आला होता. एका मॅनेजरबद्दल. सगळे म्हणाले, इतकी वर्षं काम करतोय तो, कुणाची तक्रार नाही..." आणि तिथेच थांबली.

मी काही बोललो नाही. तिचं काम तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. दुसऱ्या दिवशी भुसावळला गाडीत बसवायला गेलो तेव्हा तिनेच सांगितलं, की त्या फोनची फाईल ती परत उघडणार आहे.

गाडी सुटली. घरी येऊन बंधपत्राची जुनी प्रत काढली आणि पुन्हा एकदा पूर्ण वाचली. दोनच पानं आहेत हो, दहा मिनिटांत वाचून होतात.